थंडीतला पाहुणा

नातवंडांच्या सहवासाविषयी आजवर पुष्कळांनी पुष्कळ गोड लिहिले आहे. ते वाचून आमची अशी समजूत झाली होती की, नातू घरी आला म्हणजे तो आपण होऊनच आजोबांच्या मांडीवर येऊन बसतो. आम्हांस अनुभव मात्र निराळा आला.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरास असतात. त्यांचा मुलगा पावणेदोन वर्षांचा. बारशानंतर त्याची आमची भेट होत आली ती दर रविवारी सकाळी, मोबाइलच्या पडद्यावर. तिकडून तो 'आबा' म्हणे आणि इकडे आम्ही कृतार्थ होत असू. गेल्या डिसेंबरात मंडळी नऊ दिवसांसाठी वाईस आली. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकल्यावर आम्ही हात पुढे केले, तोच बाळराजांनी आईच्या खांद्यात तोंड लपवून भोकाड पसरले. "अरे, आबा कुठे आहेत?" असे सूनबाईंनी विचारताच त्याने तिच्या हातातील मोबाइलकडे बोट दाखविले. सारे हसले, आम्हीही हसलो. परंतु त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. नातवाच्या लेखी आम्ही एक चित्र होतो, आणि चित्राचा माणूस व्हावयास नऊच दिवस हाती होते!

वास्तविक तयारीत आम्ही काही कसर ठेवली नव्हती. शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकविलेला. तेव्हा पहिल्या दिवशी ढोल्या गणपती, दुसऱ्या दिवशी मेणवली, मग धोम, मग पसरणीच्या घाटाने पाचगणी, अशी यादीच आम्ही महिनाभर आधी करून ठेवली होती. ती वाचून सौ. एवढेच म्हणाली, "अहो, यात बाळाने खेळायचे कधी?" तिचे लक्ष कानटोपी, स्वेटर आणि पायमोजे यांत गुंतले होते. सूनबाईंचे म्हणणे, "आई, धावून त्याला घाम येतो, एक स्वेटर पुरे." अखेर ऊन अंगणात येईपर्यंत कानटोपी, पुढे मोकळीक, असा तह झाला. तो बाळराजांनी पहिल्याच सकाळी टोपी तुळशीवृंदावनात फेकून मोडला.

त्याच सकाळी आम्ही सारे घाटावर गेलो. कृष्णेवर धुके होते आणि पायऱ्यांवर कोवळे ऊन उतरू लागले होते. चिरंजीव आणि सूनबाई यांना आम्ही देवळाची मागील भिंत दाखवीत होतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधविले. ते नदीला अगदी लागून असल्यामुळे पुराचे पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावे म्हणून ही भिंत माशाच्या आकाराची केलेली आहे. हे सांगताना आमचा उजवा हात पुराच्या लोंढ्याचा आविर्भाव करू लागला, आणि त्या हातात नातवाचे बोट होते, हे आम्ही विसरलो.

खालच्या पायरीवर एक धोबी पक्षी शेपटी हलवीत तुरुतुरु पळत होता. उत्तरेकडून दर हिवाळ्यात येणारा हा पाहुणा आम्ही जन्मभर पाहत आलो. बाळ तो प्रथमच पाहत होता. तो त्याच्यामागे निघाला. आम्ही वळून पाहिले तेव्हा शेवाळलेल्या दोन पायऱ्या आणि त्यापलीकडे पाणी, एवढेच अंतर उरले होते. आमच्या तोंडून शब्द फुटेना. गुडघ्यांची नित्य तक्रार करणारी सौ. कशी धावली ते तिचे तिलाच ठाऊक. तिने स्वेटरास धरून त्याला मागे ओढले. हनुवटी थोडी खरचटली, एवढ्यावर निभावले.

आम्हांस कोणी एका शब्दाने बोलले नाही, आणि तेच फार लागले. रात्री सौ. हलकेच म्हणाली, "अहो, देऊळ अडीचशे वर्षे उभे आहे, ते आणखी चार वर्षे थांबेल. हा थांबायचा नाही." आम्ही यादी घडी करून पंचांगात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून बाळ पुढे आणि आम्ही मागे, असा क्रम सुरू झाला. त्याचे बोट मात्र सोडायचे नाही, एवढाच नियम. दहा मिनिटांची वाट चालावयास तास लागू लागला. मुंग्या गव्हाचे फोल ओढून नेत होत्या, तेथे पाव तास. उसाची बैलगाडी गेली, तेथे तिची घुंगरे ऐकू येईनाशी होईपर्यंत मुक्काम. त्याची उंची आमच्या गुडघ्याएवढी; तेव्हा तो काय पाहतो हे कळावे म्हणून आम्हांसही रस्त्यात उकिडवे बसावे लागे. ओळखीची मंडळी थांबून विचारीत, "गुरुजी, काही हरवले काय?"

चौथ्या सकाळी एका परिचितांच्या शेतावर गेलो. हरभरा फुलावर होता आणि पाने दहिवराने ओली होती. हरभऱ्याच्या पानांवर अंगचेच आंबट द्रव्य असते. ते दवात उतरते, त्यालाच आपल्याकडे आंब म्हणतात. बाळाने पानावर बोट फिरविले, ते तोंडात घातले आणि असे काही तोंड वाकडे केले की आम्ही मोठ्याने हसलो. त्याने पुन्हा तेच केले. तिसऱ्या वेळी मात्र त्याने बोट आपल्या तोंडात घातले नाही, आमच्याकडे वळून ते आमच्या ओठांशी आणले आणि म्हणाला, "आबा, घे."

साठ वर्षांनी आम्ही आंब चाखली. डोळ्यांत पाणी आले ते आंबटपणाने, असे आम्ही सर्वांस सांगितले.

सातव्या दिवशी मेणवलीस गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर जी मोठी घंटा आहे, ती पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. तिच्यावर १७०७ हे साल आहे. आजवर शेकडो विद्यार्थ्यांस आम्ही तेथे उभे करून वसईचा वेढा ऐकविला. या वेळी गप्प राहिलो. कडेवरच्या बाळाने घंटेवर उठविलेल्या आकृतीकडे पाहिले आणि बोट दाखवून म्हटले, "आई. बाळ." ती आकृती मेरी आणि बाल येशू यांची आहे, हे आम्हांस अर्थातच ठाऊक होते, परंतु तीत आई आणि बाळ आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

नवव्या दिवशी गाडी निघताना तो आमच्या कडेवरून उतरेना.

पहिल्या दोन-तीन वर्षांतील आठवणी मोठेपणी राहत नाहीत, असे मानसशास्त्र सांगते. तेव्हा ना घाट, ना घंटा, ना आंब, यांतले काहीच त्याला आठवणार नाही. मग या खटाटोपाचे फळ काय? आम्हांस वाटते, आठवण ठेवण्याचे काम आमचे. त्याच्यापाशी राहावयाचा तो विश्वास, आणि त्याला तारीख-वार लागत नाही. ज्यांच्या घरी असे पाहुणे यावयाचे असतील त्यांनी यादी अवश्य करावी, मात्र ती पंचांगात ठेवून द्यावी आणि हात मोकळे ठेवावेत.

पुढच्या रविवारी नेहमीप्रमाणे मोबाइल वाजला. पडद्यावर आम्ही दिसताच बाळ पुढे सरकला, आणि त्याने आपले बोट आमच्या ओठांच्या जागी टेकविले. "घे," तो म्हणाला.

आम्ही मुकाट्याने तोंड उघडले.