मृगाचा धनी

फाल्गुनात बेदाण्याच्या शेडवर राखणीला झोपायला गेलं, की अंधार पडताच डोक्यावर मृग असायचा. चार कोपऱ्यांच्या चार चांदण्या म्हणजे त्याचे पाय, पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण, आणि थोडा बाजूला तो बाण मारणारा लखलखीत व्याध. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बोट धरून दाखवलेलं हे पहिलं नक्षत्र. इंग्रजीत त्याला ओरायन म्हणतात हे शाळेत कळलं. लोकमान्य टिळकांनी याच नावाचं पुस्तक 1893 साली लिहिलं आणि या नक्षत्रावरून वेदांचा काळ मोजला, हेही तेव्हाच कळलं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 1993 मध्ये, अमेरिकेत स्टीव्ह बार्सिया नावाच्या माणसाने या नक्षत्राच्या नावाचा संगणकावरचा खेळ केला : मास्टर ऑफ ओरायन. मृगाचा धनी.

मी भेटलो तो त्याच्या दुसऱ्या भागाला. हा भाग 1996 चा. आमच्याकडे पोहोचायला दोन वर्षं लागली. सांगलीत इंजिनिअरिंगला होतो, हॉस्टेलवर एका मित्राकडे स्वतःचा कॉम्प्युटर होता आणि त्या खोलीत रात्रभर अंतराळ उघडं असायचं. एकाच कॉम्प्युटरवर दोघांनी आळीपाळीने खेळायची सोय त्यात होती. मित्र खेळत असला की मी बाहेर व्हरांड्यात उभा. त्याच्या साम्राज्यात काय शिजतंय ते मला दिसता कामा नये. "झालं रे, ये!" अशी हाक आली की तो बाहेर आणि मी आत. अशी कित्येक शतकं आम्ही त्या दारातून आत-बाहेर केली.

प्रत्येक ग्रहावर माणसांची छोटी छोटी चित्रं असत. काही शेतकरी, काही कामगार, काही शास्त्रज्ञ. माउसने एखाद्याला शेतातून उचलून प्रयोगशाळेत ठेवायचं. धान्य घटलं, शोध वाढला. शोधांचंही तसंच. एका विषयातल्या दोन-तीन शोधांतून बहुतेक जमातींना एकच घेता येई, बाकीचे हातचे जात. एकदा मला नवी शस्त्रं लवकर हवी होती, म्हणून मी दोन लांबच्या ग्रहांवरचे सगळे शेतकरी प्रयोगशाळेत बसवले. धान्य माझ्या मुख्य ग्रहावर भरपूर होतं. पण ते वाहून न्यायला मालवाहू जहाजं लागतात, ती मी बांधलीच नव्हती. दोन टर्न गेले आणि पडद्यावर बातमी आली, वसाहतीत लोक उपाशी मरतायत. घरची द्राक्षं तयार असताना गाडी न मिळाल्याने चार दिवस वेलीवर अडकलेली मी पाहिली होती. तरी तिथे चुकलो. त्या रात्री मी खरोखर अस्वस्थ झोपलो. चित्रातली का असेनात, ती माणसं माझ्या हलगर्जीपणाने गेली होती.

अशा खेळांना फोर एक्स म्हणतात. शोध घ्यायचा, पसरायचं, असेल ते साधन वापरायचं आणि आडवा येईल त्याला संपवायचं, अशा चार इंग्रजी शब्दांमधले चार एक्स. हा शब्द ॲलन एमरिक या लेखकाने 1993 मध्ये मास्टर ऑफ ओरायनबद्दल लिहिताना घडवला. एमरिक या खेळाचा पहिल्यापासूनचा खेळाडू. खेळ तयार होत असताना त्याने सूचना केल्या, पुढे त्यावरचं मार्गदर्शक पुस्तक एका सहकाऱ्याबरोबर लिहिलं. तिसऱ्या भागाचं काम सुरू झालं तेव्हा त्याची आखणी याच माणसाकडे आली. आमच्यासारख्यांना वाटलं, आता आपलाच माणूस आत गेला.

तिसरा भाग फेब्रुवारी 2003 मध्ये आला. तोवर एमरिक त्यातून बाहेर पडला होता. त्याच्या मूळ आखणीत एक धाडसी कल्पना होती. सम्राटाला एका टर्नमध्ये ठरावीकच गोष्टींत लक्ष घालता येईल. राज्य मोठं, दिवस तेवढाच, त्यामुळे कशाकडे बघायचं हे त्यानेच निवडायचं, बाकीचं सुभेदार बघतील. ही कल्पना प्रकाशनाआधीच काढून टाकली गेली. सुभेदार मात्र राहिले. मला वाटतं, सगळं बिघडलं ते इथे. निवड गेली आणि निवडीपायी नेमलेली माणसं तेवढी उरली.

जगभरच्या खेळाडूंनी त्या वर्षी जे म्हटलं, ते आजही आठवतं. कुणी म्हणालं, हा खेळ कसला, हा तर हिशेबाच्या वह्यांचा ढीग. कुणाची तक्रार होती की ग्रहावर काय बांधायचं ते आपण ठरवावं, तर सुभेदार येऊन पुन्हा आपल्या मनाचं लावतो. शत्रूच्या डोक्यात काही शिजतच नाही, असंही अनेकांनी लिहिलं. आणि सगळ्यांत जास्त जणांनी सांगितलेली गोष्ट साधी होती : नुसतं टर्नचं बटण दाबत राहिलो, तरी साम्राज्य चालतं.

मित्र तोवर अमेरिकेत नोकरीला लागला होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने ती डिस्क माझ्यासाठी आणली. आम्ही दोघं तासगावच्या घरी माडीवर बसलो, वीज जाईल तेव्हा जाईल म्हणून सेव्ह करत करत. जगाने सांगितलेलं करून पाहिलं. एकही हुकूम न देता बटण दाबत गेलो. वसाहती वाढल्या, जहाजं बांधली गेली, कुठेतरी लढाया झाल्या. मित्र मध्येच उठला आणि सवयीने व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "तुझं काही लपवण्यासारखं आहे का यात?" काहीच नव्हतं.

बाजू घेणारेही होते आणि त्यांचं म्हणणं वरवरचं नव्हतं. ते म्हणत, शेकडो ग्रहांच्या सम्राटाने एकेक शेतकरी मोजत बसायचं असतं का? राज्य माणसांकरवीच चालतं. हे मला पटायचं, कारण आम्ही तासगावचे. ज्या परशुरामभाऊ पटवर्धनांनी आमच्या गणपतीचं देऊळ आणि गोपूर उभारलं, ते 1790-91 मध्ये धारवाडला वेढा घालण्यात गुंतले होते, आणि 1795 ला खर्ड्याच्या लढाईत मराठी फौजांचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तासगावात बसून राहायला त्यांना उसंत कुठली? मुलुख कारभाऱ्यांच्या हाती असायचा. पण मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दप्तरातली पत्रं 1897 पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापली, ती उघडून पाहावीत. छावणीतून पुण्याला, पुण्याहून छावणीत, कारकुनाकडून सरदाराला. रसद, पैसा, फौजेच्या हालचाली, दरबारात कोण कुणाच्या कानाला लागलंय ती बातमी. शेकडो कोसांवरून एक माणूस दुसऱ्याला कळवतोय आणि उत्तराची वाट बघतोय. पत्र उशिरा पोहोचलं तर फौज उपाशी. दुसऱ्याच्या हातून राज्य चालवणं ही एवढी काळजाची गोष्ट असते. तिसऱ्या भागातल्या सुभेदारांच्या हाती मुलुख होता, पत्रव्यवहार नव्हता. त्यांना माझ्या उत्तराची गरज नव्हती. म्हणून बाजू घेणाऱ्यांचा मुद्दा खरा मानूनही मी निराश झालेल्यांच्याच बाजूला उभा आहे.

त्या दिवाळीचं एवढं तपशिलात आठवतं याचं कारण वेगळंच आहे. 2003 चं साल आमच्या भागात कुणी विसरणार नाही. विहिरी तळाला गेल्या होत्या, बोअर आटल्या होत्या, लोक टँकरने पाणी आणून बागा जगवत होते. द्राक्षबागेला वर्षातून दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी झाली होती. ऑक्टोबरची फळछाटणी एकदा घेतली की मागे फिरता येत नाही. फूट निघते, तिला पाणी लागतं, औषध लागतं, डाऊनी आणि भुरी हे रोग आहेतच. आमचे दोन प्लॉट होते, एक वरचा, एक खालचा, दोन्हीकडे तास-ए-गणेश. थॉमसन सीडलेसमधून तासगाव तालुक्यातच निवडलेलं हे वाण, त्यामुळे त्याच्याबद्दल आमच्याकडे वेगळी माया. टँकर परवडणार होता एकाच प्लॉटपुरता.

अण्णा बांधावर बसले होते. हातात छाटणीची कात्री, उघडी. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "वरचा धरायचा का खालचा? तू सांग."

इतकी वर्षं तारीख तेच ठरवत. हवामान बघत, शेजारच्या चार बागा बघत, काडी मोडून आतला हिरवेपणा बघत. मी इंजिनिअर झालो होतो, पण या बाबतीत त्यांनी कधी मला विचारलं नव्हतं. मी वरच्या प्लॉटमध्ये गेलो. ते करतात तसं केलं. एक काडी मोडली. आत हिरवी होती. खालच्या प्लॉटमधली मोडली, तीही हिरवी. वरची माती हलकी, पाणी धरत नाही. खालची काळी, दोन दिवस ओल टिकते. पण वरची बाग मी दहावीला होतो त्या वर्षी लावलेली, रोपांना पाणी मी घातलेलं.

"वरची सोडू या," मी म्हणालो.

अण्णा काही बोलले नाहीत. उठले, कात्री मिटली आणि खालच्या प्लॉटकडे चालू लागले. त्या हंगामात खालच्या बागेचा बेदाणा झाला, थोडा, पण चांगल्या रंगाचा. वरची बाग वाळली. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तिची खोडं उपटली. माझा निर्णय बरोबर होता की चूक, हे अण्णांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

खेळाबद्दलची माझी निराशा नेमकी कशाची होती, ते त्या वाळलेल्या बागेमुळे मला उमगलं. दुष्काळाने आम्हाला हरवलं होतं, तरी त्या वर्षातला एक दिवस माझ्या मालकीचा होता. दुसऱ्या भागात उपाशी मेलेली वसाहतही तशीच माझी होती. तिसऱ्यात मी जिंकत होतो आणि जिंकलेलं काहीच माझं नव्हतं.

निराश झालेल्यांनी त्या खेळाला वाऱ्यावर सोडलं नाही, हे सांगायलाच हवं. त्याच्या मजकूर-फाइली उघडून, आकडे बदलून, चुका शोधून अनेकांनी फुकट दुरुस्त्या केल्या आणि एकमेकांना दिल्या. कडवट बोलणारे आणि रात्री जागून दुरुस्ती करणारे पुष्कळदा तेच लोक होते. इतकी मेहनत माणूस नावडत्या गोष्टीवर घेत नाही. पुढे 2016 मध्ये त्याच नावाने नवा खेळ निघाला, त्याच वर्षी स्टेलारिस आला, ही जातकुळी जिवंत राहिली. माझ्या कॉम्प्युटरवर अजून दुसरा भागच आहे. मित्र आणि मी सेव्ह केलेली फाइल एकमेकांना पाठवून खेळतो. एक टर्न कधी दिवसात होतो, कधी महिन्यात.

आता पुण्यात खेळ बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आपल्याकडची मुलंमुली तिथे काम करतात. माझा भाचा त्यांतलाच. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या खेळातलं साम्राज्य हवं तेवढं पसरू द्या. सुभेदार नेमा, कारभारी नेमा, मला प्रत्येक शेतकरी मोजायला लावू नका. पण त्या कारभाऱ्यांना अधूनमधून मला विचारू द्या, आणि मी दिलेलं उत्तर पाळू द्या. पाणी एकाच बागेपुरतं असेल, तर कुठली सोडायची ते मला ठरवू द्या, आणि सोडलेली बाग मला दिसत राहू द्या.