माहीमची शीतला आणि दारावरचा कडुलिंब

मुंबईच्या भुयारी मेट्रोमार्गावर धारावी आणि दादर यांच्या मधोमध ‘शीतलादेवी मंदिर’ नावाचे स्थानक आहे. २०२५ च्या मे महिन्यात ते प्रवाशांसाठी खुले झाले. सरकत्या जिन्याने वर यावे, तो समोर लेडी जमशेटजी मार्गाची अखंड वर्दळ. ज्या बाईंच्या देणगीतून १८४५ साली माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा बांध उभा राहिला, त्यांचे नाव या रस्त्याला आहे. देवालय याच रस्त्यावर. ज्या देवतेकडे मुलांच्या अंगावर उठणाऱ्या फोडांचे गाऱ्हाणे पिढ्यान्‌पिढ्या नेले गेले, तिचे नाव आता दर फेरीला गाडीत पुकारले जाते.

शीतलेचे रूप मोठे घरगुती आहे. वाहन गाढव, हाती झाडणी आणि पाण्याचा कलश, मस्तकी सूप, जवळ कडुलिंबाची पाने. अंगाची लाही करणाऱ्या रोगाच्या देवतेला ‘थंड’ म्हणावे, हे भीतीपोटी सुचलेले सौजन्यच! मराठीने तर त्या रोगालाच ‘देवी’ म्हटले. त्या देवीला आवरणारी लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली तीही याच मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, शीतलेच्या दारी कांजिण्या मात्र उरल्या.

कांजिण्या वेगळ्या विषाणूच्या आणि पुष्कळ सौम्य. हिवाळा सरता सरता त्यांचा हंगाम सुरू होतो. जुन्या घरांतून त्यांचा एक शिस्तबद्ध आचार असे. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. तो दिसला की पाहुणा उंबरठ्यावरूनच मागे फिरे. स्वयंपाकात फोडणी बंद. मुलाचे अंथरूण वेगळे, मऊ सुती, कधी पाल्याचे. खपल्या धरल्या की कडुलिंबाच्या पाण्याने स्नान आणि मगच देवीचे दर्शन.

वैद्यकशास्त्र सांगते की पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे पुढे साधारण पाच ते सात दिवस, हा रोग दुसऱ्याला लागतो. कडुलिंबाचे खरे मोठे काम आंघोळीच्या पाण्यात नव्हे, तर दारावर होत होते, असे म्हणावे लागते. तो डहाळा म्हणजे न लिहिलेली सूचनाच होती. आज क्रम उलटतो. पुरळ ताजे असतानाच मुलाला कडेवर घेऊन दर्शनाला आणले जाते आणि त्याच गर्दीत तान्ही बाळे असतात, गर्भवती असतात. कांजिण्यांचा खरा धोका नेमका त्यांनाच.

पाल्याचे पाणी निरुपयोगी मात्र नव्हे. पाला उकळून, पाणी गाळून कोमट झाल्यावर अंगावरून घेतले आणि अंग न घासता टिपून कोरडे केले, तर खाज काहीशी शमते. ओट्सचे बारीक पीठ मिसळलेले पाणीही असाच आराम देते. यांतले काहीही शरीरातल्या विषाणूला मारत नाही. तो आपल्या गतीनेच ओसरतो. उगाळलेले चंदन फुटलेल्या फोडावर लावू नये. हळदीच्या जाड लेपाखाली पिकलेला फोड झाकून जातो, म्हणून तोही नको. नखे बारीक कापणे हा सर्वांत स्वस्त उपाय, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

कडुलिंबाचे तेल मात्र मुलाला कधीही पाजू नये. ते पोटात गेल्याने लहान मुलांना उलट्या, झटके आणि मेंदू-यकृताचे गंभीर विकार झाल्याच्या नोंदी आहेत. तापासाठी ॲस्पिरिनही देऊ नये. अंगावर मोत्यासारखे, मध्ये खळगा असलेले दाणे उठतात, ते मोलस्कम. त्यांचा कांजिण्यांशी संबंध नाही. ते बहुधा काही महिन्यांनी आपोआप जातात. त्यांवर रुईचा चीक किंवा बिब्बा लावला, तर रोगापेक्षा भाजल्याचा व्रण अधिक टिकतो. कांजिण्यांत धाप लागली, मूल गुंगीत गेले, ताप उतरून पुन्हा चढला किंवा फोडाभोवतीची त्वचा लाल होऊन सुजली, तर घरी वाट पाहू नये.

कांजिण्यांनाही आता लस आहे. जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी आपल्या लहानग्या मुलाला झालेल्या तीव्र कांजिण्या पाहिल्यावर तिचा ध्यास घेतला आणि १९७४ मध्ये ती सिद्ध केली. बालरोगतज्ज्ञ तिच्या दोन मात्रा सुचवतात.

पुढचेच स्थानक दादर. तिथल्या फुलबाजारात भल्या पहाटे पाल्याचे भारे उतरतात. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी कडुलिंबाला मोठी मागणी असते. ते डहाळे गुढीला जातात. ‘घरात कांजिण्या आहेत’ हे सांगायला दाराला कोणी डहाळा लावत नाही, आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर तसे लिहिण्याची पद्धत अजून पडलेली नाही.