रिकामा रकाना

दिल्लीस बदलून आलेला मराठी माणूस एकदा तरी पानिपतास जाऊन येतो. आम्हीही एका रविवारी गेलो. काला आंब येथील स्मारकापाशी उभे असता आम्हांस पार्वतीबाईंची आठवण झाली. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ रणाच्या गर्दीत दिसेनासे झाले. ते पडले असे सांगणारे पुष्कळ होते; पण स्वतः त्या रणातून वाचून परतलेल्या पार्वतीबाईंनी ते मानले नाही. पुढे भाऊंचा एक तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्यास देहान्त शासन झाले. तरी १७८३ साली डोळे मिटेपर्यंत बाईंनी स्वतःस विधवा म्हणवून घेतले नाही. केवढा हा हट्ट, असेच त्या दिवशी आमच्या मनात आले.

त्यानंतर काही महिन्यांनी १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या एका सैनिकाच्या वृद्ध पत्नीचा अर्ज आमच्या टेबलावर आला. 'पतीच्या मृत्यूची तारीख' हा रकाना कोरा होता. 'त्रुटी दूर करून पाठवावा' असा शेरा मारून आम्ही तो परत केला. आठवड्याने बाई स्वतः आल्या. कागद आमच्यापुढे ठेवून शांतपणे म्हणाल्या, "बाबूजी, तारीख तुम्हीच घाला. मला ती अजून कोणी कळविलेली नाही."

आम्ही निरुत्तर झालो. कायद्याने हा पेच केव्हाच सोडविला आहे. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो हयात आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असे १८७२ चा पुराव्याचा कायदा सांगे. २०२३ च्या नव्या कायद्यातही ती तरतूद कायम आहे. पण घरातल्या माणसांचा हिशेब असा सुटत नाही. मेजर अशोक सुरी यांची नोंद प्रथम युद्धात पडलेल्यांत झाली होती. १९७४-७५ मध्ये त्यांच्या वडिलांस मुलाच्या हस्ताक्षरातील पत्रे आली, त्यांतील एक कराचीहून. मग दप्तरात 'मृत' याऐवजी 'बेपत्ता' असे लिहिले गेले. आम्हां कारकुनांस एवढी दुरुस्ती करावयास अर्धा मिनिट लागतो. त्या पित्याचे पुढचे सारे आयुष्य तिच्यात गेले.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट येथे पाडले गेले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, येथे दिल्लीतच नोकरी करीत राहिल्या व पतीचा शोध घेत राहिल्या. १९७९ मध्ये अशा ४० जणांची यादी लोकसभेत सादर झाली. पुढे ती ५४ वर गेली. २००७ साली नातलगांनी पाकिस्तानातील तुरुंग पाहिले. कोणी सापडले नाही. असे कैदी आपल्याकडे नाहीत, हेच तेथील सरकार सांगत आले आहे.

पार्वतीबाईंविषयी मनात आलेला तो शब्द आम्ही आता मागे घेतला आहे. ज्यास आम्ही हट्ट म्हटले, ते केवळ खोटी तारीख लिहिण्यास दिलेला नकार होता.

बाईंचा अर्ज आम्ही रकाना कोरा ठेवूनच, 'तारीख उपलब्ध नाही' अशी टिप्पणी जोडून वर पाठविला. अपुरा कागद जाणूनबुजून पुढे पाठविण्याची आमच्या नोकरीतील ती पहिलीच वेळ.