मस्कतचे डोंगर आणि मस्कतचे पाणी

रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या वस्त्यांत मस्कत हे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. कुणाचे अब्बा तिथे, कुणाचे मामू तिथे. तिथला पगार, तिथला खजूर, तिथला कडक उन्हाळा यांच्या गप्पा घरोघरी होतात. पण हे शहर ज्या जमिनीवर उभे आहे, तिची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. सुट्टीत भावाच्या कुटुंबाकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा मी ती जमीन डोळे भरून पाहिली.

ओमानच्या या राजधानीच्या एका बाजूला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला हजर पर्वताच्या रांगा. कर्कवृत्त शहराच्या थोडे दक्षिणेकडून जाते. डोंगर आणि पाणी यांच्यामध्ये जिथे जागा मिळाली तिथे वस्ती झाली. त्यामुळे मस्कत गोल पसरलेले नाही. किनाऱ्याला धरून लांबच लांब गेलेले आहे. जुने मस्कत, मतरा आणि रुवी हे भाग डोंगरांच्या कुशीत अडकल्यासारखे आहेत. पश्चिमेला सीबकडे जावे तसे मैदान रुंद होत जाते.

जुन्या मस्कतचे बंदर पाहिले की हे शहर इथेच का वसले ते कळते. खडकांनी वेढलेली खोल खाडी, आत आलेल्या जहाजाला वाऱ्यापासून आडोसा आणि तोंडाशी दोन बाजूंच्या कड्यांवर मिरानी व जलाली हे किल्ले. पोर्तुगीजांनी 1507 मध्ये हे बंदर घेतले आणि 1650 मध्ये ओमानी लोकांनी त्यांना हाकलून लावले. आपल्या जंजिऱ्याप्रमाणेच इथेही खडक हाच खरा पहारेकरी.

पण हे खडक आपल्यासारखे नाहीत. आपला सह्याद्री काळ्या बसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. मस्कतभोवतीचे तपकिरी-काळपट डोंगर त्याहून जुने, साडेनऊ कोटी वर्षांच्या आसपासचे, आणि त्यांचा जन्म जमिनीवर झालाच नाही. ते एका प्राचीन समुद्राचा तळ आहेत. त्या तळाखालचा, पृथ्वीच्या पोटातला खडकही त्यात आहे. भूखंड सरकताना समुद्रतळ साधारणपणे जमिनीखाली जातो. इथे उलट घडले. तळाचा प्रचंड तुकडा अरबस्तानच्या कडेवर चढून बसला. असा खडक जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतका उघडा क्वचितच दिसतो, म्हणून देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ ओमानला येतात. पृथ्वीच्या पोटात जाण्यासाठी मैलोगणती खोदावे लागले असते. मतराच्या बाजारामागे तोच खडक हाताने चाचपता येतो.

बाहेरून करपल्यासारखा दिसणारा हा दगड फोडला तर आत गडद हिरवट निघतो. कुठे कुठे त्यात पांढऱ्या रेघा दिसतात. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हा दगड शोषून घेतो आणि त्याचीच पांढरी खनिजे बनतात. कुरमकडे मात्र फिकट पिवळसर चुनखडी लागते. ती नंतरच्या काळात उथळ समुद्रात साचली. सूरह गाशियामध्ये पर्वत कसे रोवले गेले याकडे पाहायला सांगितले आहे. वर्गात भूगोल शिकवताना मी ते अनेकदा बोलले होते. या डोंगरांपुढे उभी राहिले तेव्हा ते पाहणे म्हणजे काय ते उमगले.

या डोंगरांवर झाड नाही, मातीही नाही. वर्षाचा पाऊस 100 मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे आषाढात कधी कधी एका दिवसात तेवढा होतो. म्हणून ओमानमध्ये थेंबाचा हिशेब आहे. डोंगराच्या पायथ्याचे भूजल हलक्या उताराच्या कालव्याने गावापर्यंत आणतात. त्याला फलज म्हणतात. आजही असे सुमारे 3,000 फलज चालू आहेत आणि त्यांपैकी पाच 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत आले. पाण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी पिण्यासाठी, मग वजूसाठी मस्जिदीला, शेती त्यानंतर. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून प्रत्येकाची पाळी मोजली जाई. शहराला आता समुद्राचे पाणी गोडे करून पुरवतात, पण ती शिस्त विसरण्यासारखी नाही.

पाऊस कमी, म्हणून पुराची भीती नाही असे वाटेल. तसे नाही. उघडा खडक पाणी धरून ठेवत नाही. डोंगरात पाऊस कोसळला की ते सगळे पाणी ओढ्यांच्या कोरड्या पात्रांत उतरते. या पात्राला तिथे वादी म्हणतात. वर्षानुवर्षे कोरड्या पडलेल्या वादीतून रस्ते जातात, मुले तिथे फुटबॉल खेळतात. डोक्यावर ऊन असते आणि दूर डोंगरात पडलेला पाऊस तासाभरात लोंढा होऊन येतो.

जून 2007 मध्ये गोनू वादळ आले तेव्हा मस्कतने हे अनुभवले. वादी अदई आणि कुरमच्या सखल भागात गाड्या वाहून गेल्या, रस्ते उखडले. ओमानमध्ये सुमारे पन्नास माणसे दगावली. गोडे पाणी तयार करणारे प्रकल्पही बंद पडले. चहूकडे पाणी आणि घरात प्यायला नाही, अशी अवस्था झाली. पाणी कुठे शिरले हे पाहिले तर दिसते की ते आपल्याच जुन्या वाटेने आले होते. त्या वाटेवर घरे आणि रस्ते आपण माणसांनी बांधले.

याच पाण्याला नीट वागवले तर ते रहमत ठरते. सीबजवळ खूद येथे 1985 मध्ये बांधलेले धरण पुराचे पाणी अडवते. गाळ खाली बसतो, निवळलेले पाणी हळूहळू सोडले जाते आणि ते किनाऱ्याच्या खडी-वाळूत मुरते. त्यामुळे विहिरींत समुद्राचा खार चढायला आळा बसतो. आपल्या खाडीकाठच्या गावांना खाऱ्या विहिरींचे दुःख नवे नाही, तेव्हा ही युक्ती आपणही समजून घ्यावी.

जुलै 2021 मध्ये वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. तिकडे 100 मिलिमीटर पाऊस, इकडे 3,000. पण धडा एकच आहे. ओढा कोरडा दिसला तरी त्याची जागा त्याचीच असते. मस्कतला जाणाऱ्या आपल्या मुलांना घरातून सांगावे की पाऊस सुरू असताना वादी ओलांडू नका, पाणी पायाच्या घोट्याएवढे दिसले तरीही. आणि इथे घर बांधायला काढताना, जमिनीच्या सातबाऱ्याबरोबर पाण्याची जुनी वाटही गावातल्या बुजुर्गांना विचारून घ्यावी.