जहाजाचा फॉर्म

परवा रविवारी मुलगा डोंबिवलीहून आला तो हातात कागदांचं पाकीट घेऊनच. डिसेंबरात आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील, त्यानिमित्त त्याने आम्हा दोघांचं मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट काढलं आहे. तीन रात्री. सोबत तो, सूनबाई आणि नात. आमचे हे एकदम खूश. दोन दिवस किन्हवलीच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले होते.

बोट म्हटलं की माझ्या आईच्या तोंडी एकच नाव यायचं, ‘रामदास’. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ती बोट बुडाली आणि शेकडो माणसं गेली. मला बुडायची भीती नाही वाटली. भीती वाटली ती पोटाची. हसू नका. यांना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे आणि किडनी नाजूक आहे. डॉक्टरांनी बजावलंय, जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं तर घरी बसून राहायचं नाही, लगेच सलाईन. समुद्रात कुठलं ‘लगेच’?

आणि जहाजांवर पोटाची साथ येते हे मी पेपरात वाचलेलं होतं. नोरोव्हायरस त्याचं नाव. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकेहून कॅरिबियन बेटांकडे निघालेल्या एका जहाजावर सहाशेहून जास्त माणसं आडवी झाली आणि जहाज सहल अर्धवट टाकून परत फिरलं. २०२४ साली अमेरिकेच्या सरकारी यादीत पोटाच्या साथीच्या अठरा जहाजांची नोंद आहे, त्यातल्या पंधरांवर हाच विषाणू. आपल्याकडेही २०२२ च्या जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या, सुमारे दोन हजार माणसांच्या जहाजावर ६६ जण करोनाचे निघाले होते. आजार वेगळा, पण कोंडलेली माणसं तीच.

माझ्या भाच्याचा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करून अशाच एका परदेशी जहाजाच्या मुदपाकखान्यात आहे. रात्री त्याला फोन लावला. तो म्हणाला, “आजी, घाबरू नकोस. जहाजांना मोजावं लागतं म्हणून आकडे दिसतात.” त्याचं खरं आहे. अमेरिकेत नोरोच्या जेवढ्या साथी नोंदल्या जातात त्यांतल्या जहाजांवरच्या शंभरात एक. बाकी वृद्धाश्रम, इस्पितळं, हॉटेलं, शाळा. आणि या विषाणूचं नावच मुळी एका शाळेमुळे पडलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात नॉरवॉक नावाच्या गावी एका प्राथमिक शाळेतली निम्मी मुलं नि शिक्षक एकदम ओकायला लागले. मग त्यांच्या घरची माणसं. कारण कोणाला कळेना. पुढे १९७२ मध्ये डॉ. कपिकियन यांनी तेव्हाच्या नमुन्यातून तो जंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा नाव ठेवलं नॉरवॉक. त्याचंच पुढे नोरो झालं. चौतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल बघा.

“सॅनिटायझरवर विसंबू नको,” तो पुढे म्हणाला, “साबण लावून वाहत्या पाण्यात हात धुवायचे. याला सॅनिटायझर पुरा पडत नाही. साथ आली की आम्ही सगळं क्लोरीनने पुसतो आणि लोकांना स्वतःच्या हाताने वाढून घेऊ देत नाही.” म्हणजे आपली टीसीएल पावडरच की! आमच्या शहापूर तालुक्यात भातसा, तानसा अशी धरणं, सगळी मुंबईची तहान भागवणारी. आणि मे महिन्यात आमच्याच पाड्यांवर टँकर. पहिला पाऊस पडला की डोंगरावरचं सगळं वाहून विहिरीत उतरतं आणि मग सुरू होतो गॅस्ट्रो. ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल टाकलं नाही की आरोग्य खात्याचं लाल कार्ड ठरलेलं. असो. विषय जहाजाचा चालला होता.

फोन ठेवता ठेवता तो एक वाक्य बोलला आणि माझी झोप उडाली. म्हणाला, “आजी, जंतूपेक्षा न सांगणाऱ्या माणसांची आम्हाला जास्त धास्ती. पोट बिघडलं असं सांगितलं की खोलीत बसवून ठेवतात. लाखभर रुपये भरून आलेला माणूस खोलीत कशाला बसेल? दोन गोळ्या घेतो आणि येतो जेवायला.”

आता १९८६ सालचं सांगते. आजवर हे कोणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही.

जानेवारीत नववीची सहल निघाली होती वेरूळ-अजिंठ्याला. एसटीची प्रासंगिक कराराची गाडी, बेचाळीस मुलं-मुली, मोठे सर, एक शिपाई आणि मी. पहिला मुक्काम नाशिकला धर्मशाळेत. पहाटे चारला माझ्या पोटात कळ आली. दोनदा जाऊन आले, एकदा उलटी झाली. सांगायचं कोणाला? मुलींबरोबर मी एकटीच बाई. मी आजारी म्हटलं असतं तर सरांनी सहल तिथूनच परत फिरवली असती, आणि या मुलांच्या आईबापांनी भाताच्या पैशांतून वर्गणी भरलेली. शिवाय लाज. बाईमाणसाने मोठ्या सरांसमोर जुलाब हा शब्द कसा काढायचा? थंडी मरणाची, नळाला पाणी बोटभर. मी हात नुसते ओले केले, पदराला पुसले, आणि सात वाजता गाडीत चढताना डब्यातला रव्याचा एकेक लाडू प्रत्येकाच्या हातावर ठेवला.

दुपारी एकच्या सुमारास येवल्याच्या पुढे रस्त्यावरच्या एका खानावळीत जेवलो. दोन मुलींना गाडी लागली होती म्हणून त्या उतरल्याच नाहीत, गाडीतच झोपून राहिल्या. रात्री वेरूळला पोचलो. अकराच्या आसपास त्या दोघींतली एक ओकली. गाडी लागल्याचं अजून उतरलं नाही, असं आम्ही म्हणालो. दोन वाजेपर्यंत अकरा जणं. बादल्या पुरेनात. मीठ-साखरेचं पाणी करून चमच्या-चमच्याने पाजत बसले. (ही युक्ती मोठी करणारे डॉ. दिलीप महालनबीस. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपलं तेव्हा त्यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. मला ते एका आरोग्यसेविकेने शिकवलं होतं.) दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी मुलं उठून बसली. कोणाला काही झालं नाही, देवाची कृपा.

झालं ते परतीच्या वाटेवर. मोठ्या सरांनी गाडी मुद्दाम त्या खानावळीसमोर थांबवली. गिऱ्हाइकं जेवत होती, त्यांच्यासमोर मालकाला वाट्टेल ते बोलले. लेकरांना शिळं खायला घातलंस, पैसे परत कर, पोलिसात देतो. तो माणूस साधा. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, बायको चुलीपाशी. त्याने हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, तुम्हीही इथंच जेवलात. तुम्हीच सांगा, तुम्हाला झालं का काही?”

मी म्हटलं, “हो, मलाही झालं.”

शब्द खरा होता. फक्त पहाटे चारला झालं होतं, त्याच्याकडे जेवायच्या नऊ तास आधी, एवढं मी सांगितलं नाही. त्याने गल्ल्यातले पैसे काढून सरांना दिले. मोजताना त्याचा हात थरथरत होता. त्याच्या बायकोने भाकरी थापायची थांबवली होती. त्या रस्त्यावरून आमची एसटी पुढेही सहलीला गेली असेल, मी कधी गेले नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की असेलही त्याचंच अन्न खराब. आता इतक्या वर्षांनी वाचलं की हा जंतू पोटात गेल्यापासून साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी गुण दाखवतो, अगदी थोडे जंतू पुरतात, आणि आजारी माणसाच्या हातून जेवणात उतरणं ही त्याची नेहमीची वाट. मग वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला, जसा पोरांना मांडायला लावायचे. लाडू सकाळी सातला. पहिली उलटी रात्री अकराला. सोळा तास. खानावळीपासून धरले तर दहा. पण ज्या मुलीने पहिली उलटी केली ती खानावळीत उतरलीच नव्हती. तिने तिथला घोटभर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. लाडू मात्र खाल्ला होता.

तपासणी कुठे झाली होती, त्यामुळे तो नोरोच होता असं मी म्हणत नाही. पण तो हिशेब कसाही फिरवला तरी खानावळीवाल्यापाशी येऊन थांबत नाही. त्याचं नाव मला माहीत नाही. मोठे सर आता नाहीत. ती मुलगी, म्हणजे आता पन्नाशीची बाई, मुरबाडला दिली आहे, ती सणावाराला भेटते आणि “बाई, तुम्ही रात्रभर माझ्या उशाशी बसला होतात” म्हणते. मी विषय बदलते.

मंगळवारी मुलाने फोनवरून जहाजाचा आरोग्याचा फॉर्म भरायला घेतला. ताप आहे का, गेल्या काही दिवसांत उलट्या-जुलाब झाले का, असे प्रश्न. मी म्हटलं, “अरे, अजून जायला अवकाश आहे, आत्ता कसं सांगणार?” तर म्हणाला, “आई, यात सगळीकडे ‘नाही’वरच टिक करायची असते. उगाच अडवून ठेवतील, पैसे बुडतील. बाबांना किती हौस आहे!”

मी त्याला तो भाग रिकामा ठेवायला सांगितला. निघायच्या दिवशी सकाळी मी स्वतः भरीन म्हटलं, माझाही आणि यांचाही. तो वैतागला. का ते त्याला अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की त्यालाच आधी वाचायला देणार आहे. पिशवीत साबणाच्या दोन वड्या आणि ओआरएसची पाकिटं मात्र आत्ताच टाकून ठेवली आहेत.