शिकणारे पोर गप्प झाले तर

आपल्या वस्तीत पोराला ताप आला तर आई कामाचा खाडा करून दवाखान्याच्या रांगेत उभी राहते. पोर पडून हात मोडला तर सगळी चाळ धावते. पण कॉलेजात शिकणारे पोर आठ-आठ दिवस गप्प बसू लागले, जेवणाचे ताट तसेच सरकवू लागले, तर आपण म्हणतो, "अभ्यासाचं टेन्शन असेल." एवढ्यावर विषय संपतो. २०२० आणि २०२१ या कोरोनाच्या दोन वर्षांत ही समजूत किती धोक्याची आहे ते दिसले. म्हणून त्या दिवसांबद्दल चार शब्द.

आम्ही दोघे नवराबायको विहाराला लागून असलेली अभ्यासिका सांभाळतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली आणि अभ्यासिकेला कुलूप घालावे लागले. वसतिगृहातली मुले-मुली सामान घेऊन घरी परतली. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे. बापाचे कंत्राटी काम बंद, आईची धुणीभांडी बंद. घरात स्मार्टफोन एकच, तो तीन भावंडांत फिरायचा. रिचार्ज संपला की कॉलेजचा तास संपला. आपले घर इतर मुलांना दिसेल म्हणून काहीजण कॅमेरा सुरूच करत नसत.

घरात अशी अडचण असताना बाहेरही काही निश्चित नव्हते. पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही, हे मुलांना महिनोन्महिने कळत नव्हते. महाराष्ट्र सरकार म्हणे परीक्षा नको, विद्यापीठ अनुदान आयोग म्हणे घ्यायलाच हवी. शेवटी २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराकडे सगळे डोळे लावून बसलेले असताना हे अधांतरी दिवस कसे गेले असतील, याचा विचार करा.

अशा वेळी जीव देण्याचा विचार कुणाच्या मनात शिरतो? आपल्याकडे लगेच उत्तर मिळते : मन कच्चे असेल त्याच्या. हे उत्तर खरे नाही. फ्रान्स देशात २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, तिथल्या टाळेबंदीत, ६९,०५४ विद्यापीठ विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यांतल्या शंभरांमागे अकराहून अधिक जणांनी सांगितले की आत्महत्येचे विचार मनात येतात. मानसिक त्रास कुणाला जास्त होता? ज्यांची कमाई बुडाली, ज्यांचे राहते घर गैरसोयीचे होते, जे एकटे पडले, ज्यांचे जवळच्यांशी पटत नव्हते, ज्यांना पूर्वी मनाचा आजार होऊन गेला होता, त्यांना. मुलींनाही मुलांपेक्षा जास्त. आणि ज्यांना त्रास होता त्यांतले शंभरातले बाराच जण डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे गेले होते.

फ्रान्स श्रीमंत देश. तिथे ही गत, तर आपल्याकडे काय असेल? २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत भारताच्या खेड्यांतल्या शंभर घरांपैकी पाच घरांतसुद्धा संगणक नव्हता. त्यात २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि किती घरांतला कमावता माणूस गेला. शेवटचे तोंडही पाहता आले नाही. ते दुःख पोटात ठेवून मुलांनी परीक्षा दिल्या.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात की २०१९ साली देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. २०२० साली १२,५२६ आणि २०२१ साली १३,०८९. २०२१ साली सर्वांत जास्त, १,८३४, आपल्या महाराष्ट्रात. हे सगळे कोरोनाच्या माथी मारता येणार नाही. त्याआधीही, २०१६ साली हैदराबादला रोहित वेमुला आणि २०१९ साली मुंबईला डॉ. पायल तडवी गेले. त्या दोघांच्या आयांनी उच्च शिक्षणातल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. अडलेली शिष्यवृत्ती, वर्गातली तुच्छतेची नजर, एकटे पाडणे, ही ओझी आपल्या मुलांच्या पाठीवर आधीपासून होतीच. महामारीने त्यांवर आणखी भर घातली.

आमच्या ओळीतली एक मुलगी एम.एस्सी. करत होती. त्या पावसाळ्यात ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. रात्र रात्र झोप नाही. एक दिवस तिने आपली पुस्तके धाकट्या बहिणीला देऊन टाकली आणि म्हणाली, "मला आता काय करायचीत?" आई शिकलेली नाही, पण हे वाक्य तिला टोचले. ती आमच्याकडे आली. तिच्यासमोरच आमच्या सौ.ने मुलीला जवळ घेऊन सरळ विचारले, "बाळा, मरून जावंसं वाटतं का गं तुला?" मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, हे आजपर्यंत कुणी विचारलंच नाही." आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी आई आणि आम्ही तिला सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेलो. औषध सुरू झाले, बोलणे सुरू झाले. त्या दिवसांत आई तिला एकटी ठेवत नसे. बापाने एकदाच सांगितले, "वर्ष गेलं तर गेलं, पोरी तू हवीस." या शब्दांनीही औषधाइतकेच काम केले असे आम्हाला वाटते. वर्ष वाया गेले, पण पुढच्या वर्षी ती पास झाली.

अनेक आईबापांना भीती वाटते की विचारले तर पोराच्या डोक्यात नसलेला विचार भरेल. तसे होत नाही, असे डॉक्टर सांगतात. उलट विचारल्याने मन मोकळे होते. दुसरी भीती पोलिसांची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षेचा नव्हे, उपचाराचा हक्क दिला आहे. जुने ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून राहिलेले नाही. तेव्हा लपवून ठेवण्याचे कारण नाही. सरकारची टेलीमानस ही फोनसेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या नंबरावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते, आणि मराठीत बोलता येते. हा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

टाळेबंदी उठली, अभ्यासिकेचे कुलूप निघाले. पण भाड्याची चिंता, उशिरा येणारी शिष्यवृत्ती आणि शहरातला एकटेपणा अजून आहेतच. मुलगा-मुलगी बाहेरगावी शिकत असेल तर फोनवर मार्कांच्या आधी विचारा : जेवलास का? झोप लागते का? कुणाशी बोलतेस का? पोर तुटक उत्तरे देऊ लागले, निरवानिरवीचे बोलू लागले, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी गाडी पकडा. पदवी एक वर्ष उशिरा आली तरी चालेल, ती घेणारे लेकरू आपल्याला हवे आहे.