गळतं कुठून, पडतं कुठे

आमच्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगला नव्या टाइल्स लागल्या आणि माझ्या मारुती ८०० चं तेल हा अख्ख्या बिल्डिंगचा विषय झाला. जुन्या काळपट फरशीवर ते इतकी वर्षं पडत होतं, कोणाला दिसलं नाही. क्रीम रंगाच्या टाइलवर मात्र पहिल्याच आठवड्यात पंज्याएवढा डाग उमटला. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, आता किती वर्षं ठेवणार ही?"

गाडी २००४ ची, नागपूरची, एमएच ३१. शंकरनगरातून शाळा, शाळेतून सीताबर्डी, सणावारी महालात माहेरी, फार तर रामटेक. एवढाच तिचा पसारा. २०१९ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून घेतली. २०२४ मध्ये पुन्हा. मधल्या काळात, एप्रिल २०२२ पासून, नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली होती, तीही भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींना ती १०,००० केली, पण माझे कागद २०२९ पर्यंत पक्के आहेत. तेव्हाचं तेव्हा बघू. जुन्या गाड्या भंगारात काढायचं धोरण २०२१ मध्ये लोकसभेत मांडणारे नितीन गडकरी आमचेच खासदार, त्यामुळे नागपुरात या विषयाचे जाणकार पानठेल्यावरही भेटतात. खासगी गाडी फिटनेसमध्ये पास होत असेल तर ती मोडायची सक्ती नाही, हे मात्र त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

एका मोठ्या वर्कशॉपने खालून टॉर्च मारून सांगितलं, इंजिन उतरवू, सगळी सील, सगळी पॅकिंग, सोबत क्लच: २८,००० रुपये. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणाला, "आई, चाळीस हजारांच्या गाडीत अठ्ठावीस हजार घालणार?" हा हिशेब सगळेच करतात आणि मला तो कधीच पटलेला नाही. गाडी विकून हाती येणाऱ्या चाळीस हजारांत मला शंकरनगर ते महाल नेणारी दुसरी गाडी कोण देणार आहे? खर्च ताडून बघायचा तो त्या दुसऱ्या गाडीच्या किमतीशी. अर्थात म्हणून तेलाच्या डागापायी अठ्ठावीस हजार मोजायचे, असंही नाही.

नोकरीभर गणित शिकवलं, म्हणून थेंब मोजले. रात्री खाली पुठ्ठा ठेवला की सकाळी पंधरा-वीस थेंब. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर. म्हणजे वर्षाला पार्किंगमध्ये पडतं ते साडेतीनशे मिलिलिटर, अर्ध्या लिटरच्या डब्याहूनही कमी. पण ऑइलची पट्टी वेगळंच सांगत होती. हजार किलोमीटरमागे अर्धा लिटर तेल घालावं लागत होतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर तर येत नव्हता. तेल जळत नसेल तर मग जात होतं ते चालत्या गाडीतून, रस्त्यावर. ज्या डागावरून आमच्या सोसायटीच्या सभेत अर्धा तास चर्चा झाली, तो एकूण गळतीतला अगदी किरकोळ वाटा होता. बाकीचं सिमेंटच्या रस्त्यांवर, पावसात नाल्यात, आणि आमच्या भागातल्या नाल्याचं पाणी जातं नाग नदीत. पैशांच्या हिशेबाने मी डगमगले नव्हते, हा हिशेब मात्र टोचला.

आमचे मिस्त्री गल्लीतलेच. हात न लावता दोन मिनिटं गाडी नुसती ऐकतात, मग बोलतात. "ताई, तेल खाली दिसते, पण येते वरून. धुतल्याबिगर कुठून गळून राहिलं ते नाही समजत. आणून ठेवा सकाळी."

त्यांनी ब्रशने डिझेल लावून इंजिन धुतलं, पाण्याने साफ केलं, हवा मारून कोरडं केलं. मग घरात लावतो तीच टाल्कम पावडर फडक्यात बांधून इंजिनावर झटकली. तीन सिलिंडरचं ते ७९६ सीसीचं इवलंसं इंजिन पांढरंफटक झालं. पंधरा मिनिटं चालू ठेवलं, चौकापर्यंत एक चक्कर मारली आणि बॉनेट उघडलं. पांढऱ्यावर तपकिरी ओघळ लख्ख दिसत होते. मिस्त्री मोबाइलचा उजेड पाडून एकेका ओघळाचं वरचं टोक शोधत गेले. वाऱ्याने तेल मागे उडतं, उताराने खाली येतं, म्हणून सगळ्यात वरचा आणि पुढचा ओला ठिपका तो खरा.

एक ओघळ इंजिनावरच्या टॅपिट कव्हरच्या कडेतून निघून खाली तापलेल्या मॅनिफोल्डच्या दिशेने गेला होता. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलं की आत करपट वास यायचा, त्याचं मूळ हे. दुसरा कॅमशाफ्टच्या सीलमधून टायमिंग बेल्टच्या कव्हरमागे. तिसरा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून, अगदी तळाशी. पार्किंगमधला डाग या तिसऱ्याचा.

"हे मागचं सील," मिस्त्री बोट दाखवत म्हणाले, "यासाठी गिअरबॉक्स उतरवा लागते. सील दोनशेच्या आतलं, मजुरी त्याच्या वीसपट. आता नका करू जी. क्लच संपला की तसाही गिअरबॉक्स उतरतेच."

"आणि बाकीची दोन?"

"ते आजच. तेल गरम पायपावर पडून राहिलं, काही झालं तर काय करता? आन् बेल्टचं रबर तेलानं सडते. तो तुटला की गाडी जाग्यावर उभी."

इतके दिवस घरीदारी एकच वाद चालला होता, दुरुस्त करायचं की काढून टाकायचं. तेल पडतं कुठे, हे कोणी विचारलंच नव्हतं. टाइलवर पडलं तर डाग, बेल्टवर पडलं तर रस्त्यात खोळंबा, तापलेल्या लोखंडावर पडलं तर आगीची भीती. वर्कशॉपच्या कागदावर तिन्हींची रक्कम एकाच बेरजेत होती.

टॅपिट कव्हर उघडलं तेव्हा जुनं पॅकिंग पापडासारखं तुकडे पडत निघालं. इंजिनाच्या आतली उष्णता रबराला कडक करते, ती कुठल्याही गावात तेवढीच. पण मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तेलही पातळ होऊन सुटतं, हे मी पट्टीवर दरवर्षी पाहिलेलं आहे. मिस्त्रींनी कव्हरला नवं पॅकिंग बसवलं आणि सांधा बुजवायचा बाँड फक्त कोपऱ्यांना, तांदळाएवढा लावला. तो जास्त लावला तर आत सुटून ऑइल चेंबरच्या जाळीत अडकतो आणि इंजिनाला तेलच पोचत नाही. कॅमचं सील आणि टायमिंग बेल्ट एकत्र बदलले. ब्रीदरची नळी मात्र मला ठाऊक नव्हती. ती काजळीने बुजली होती. आतला दाब बाहेर पडायला वाट नसली की तो सीलमधून तेल ढकलतो. नवी सील घालून नळी तशीच ठेवली असती तर सगळं पुन्हा गळायला लागलं असतं. ती धुऊन निघाली, खर्च शून्य.

पार्ट आणायला गेले तिथे दुकानदाराने गळती थांबवणाऱ्या औषधाची बाटली पुढे केली होती. तेलात ओतायचं, रबर फुगतं, गळती थांबते. मिस्त्री म्हणाले, "फुगते ना. पण कोणतं फुगवायचं ते बाटलीले कसं समजन?" मी ती घेतली नाही.

सगळं मिळून ४,६०० रुपये झाले. आता हजार किलोमीटरमागे शंभर-सव्वाशे मिलिलिटर लागतं. रविवारी सकाळी गाडी थंड असताना पट्टी बघते, कारण या इंजिनात तेल मावतं जेमतेम तीन लिटर आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा दाब पडल्यावर लागतो, तेल कमी झाल्यावर नव्हे. पार्किंगमध्ये रेती घातलेला पत्र्याचा ट्रे ठेवला आहे. तो वरच्या मजल्यावरच्यांना शोभेचा वाटत नाही, पण टाइल स्वच्छ आहे.

हल्ली क्लचचं पायडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचल घेते. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, "मंग दिवाळीनंतर उतरवू गिअरबॉक्स. मागचं सील तेव्हाच टाकून देऊ." सेक्रेटरींना तसं कळवलं आहे. त्यांनी ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतलं.